मैदान वाढते तेव्हा शेजाऱ्याचे काय होते?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानाला जमतो, त्यांच्या लेखनात शहराचा विचार नेहमी रस्त्यावरच्या माणसापासून सुरू होई. म्हणून आज मी एका जुन्या मैदानाची आणि त्याच्या शेजाऱ्यांची हकीगत मांडणार आहे. मैदान शिकागोचे आहे, खेळ बेसबॉलचा आहे. दोन्ही आपल्यापासून दूर असले, तरी त्या हकीगतीतला प्रश्न कुठल्याही शहराला पडू शकतो: सगळ्यांना प्रिय असलेली जुनी वास्तू वाढवायची ठरली, तर तिच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांचे म्हणणे कोण ऐकणार, आणि ऐकून घेतलेले किती वर्षे पाळले जाणार?

आधी थोडी ओळख करून देतो. शिकागोच्या उत्तर भागात लेकव्ह्यू नावाची वस्ती आहे. क्लार्क, अॅडिसन, शेफील्ड आणि वेव्हलँड या चार रस्त्यांच्या मधोमध रिग्ली फील्ड हे मैदान आहे. शिकागो कब्ज हा संघ तिथे १९१६ पासून खेळतो. मैदान त्याच्याही आधीचे, १९१४ मध्ये उघडलेले. पूर्वी त्या जागेवर लुथरन पंथाचे धर्मशिक्षण देणारे विद्यालय होते. शेजारून मालगाडीचा रूळ जाई. उपाहारगृहांच्या धंद्यात पैसा केलेल्या चार्ल्स वीघमन यांनी ती जागा घेतली, वास्तुरचनाकार झॅकरी टेलर डेव्हिस यांच्याकडून आराखडा करून घेतला आणि अडीच लाख डॉलर खर्चून सुमारे १४,००० प्रेक्षकांचे मैदान उभे केले. पुढे च्युइंगगमवाल्या रिग्ली घराण्याकडे संघ आला आणि मैदानाला त्यांचे नाव मिळाले. १९३७ मध्ये मैदानाच्या आतल्या कडेच्या भिंतीवर वेल चढवला गेला आणि उघड्या बाकांच्या वर मोठा धावफलक बसवला गेला. तो धावफलक आजही माणसे हातांनी चालवतात.

ही वास्तू मोकळ्या माळावर नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांच्या पलीकडच्या बाजूला दोन-तीन मजली विटांची घरे आहेत. त्यांच्या गच्चीवरून खेळ दिसतो. फटका जोरात बसला तर चेंडू भिंत ओलांडून रस्त्यावर येतो. वेव्हलँडवर मैदानासमोरच अग्निशमन दलाचे ठाणे आहे. उन्नत मार्गावरून धावणाऱ्या लोकलचे अॅडिसन स्थानक चार पावलांवर आहे. मोटारींसाठी विस्तीर्ण वाहनतळ नाही, कारण मैदान बांधले तेव्हा लोक ट्रामने, लोकलने आणि पायी येत.

क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मनात एक हिशेब चटकन येत नाही. आपल्याकडच्या मोठ्या मैदानावर वर्षातून मोजके आंतरराष्ट्रीय सामने आणि आयपीएलचे सातेक सामने होतात. अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले ८१ घरच्या मैदानावर असतात. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, सहा महिन्यांत ८१ सामने. रिग्ली फील्डची आजची क्षमता ४१,६४९ आहे. म्हणजे हंगामात जवळजवळ दिवसाआड तीस-चाळीस हजार माणसे या राहत्या वस्तीतून जातात, खातात, पितात, ओरडतात, गाडी लावायला जागा शोधतात आणि निघून जातात. अशा मैदानाचा शेजार रोजच्या जगण्याचा भाग होतो. मैदान आणि वस्ती ही सामायिक भिंत असलेली दोन घरे आहेत. एका घरात खिळा ठोकला तरी दुसऱ्या घरात आवाज जातो.

या दोन घरांमधला पहिला मोठा वाद दिव्यांवरून झाला. अमेरिकेतल्या इतर सगळ्या मुख्य मैदानांवर रात्रीचे सामने सुरू झाले होते. डेट्रॉइटने १९४८ मध्ये दिवे लावले आणि त्यानंतर रिग्ली फील्ड तेवढे एकटे उरले. तिथे फक्त उन्हात खेळ होई. खरे तर १९४१ मध्ये दिवे लावण्याचे ठरले होते आणि सामानही आले होते. पण पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मालक पी. के. रिग्ली यांनी ते पोलाद युद्धकार्यासाठी देऊन टाकले. पुढे ते दिवसाच्या खेळावर ठाम राहिले. त्या चाळीस वर्षांत वस्तीने आपली लय त्या वेळापत्रकाभोवती बसवून घेतली होती. सामना दुपारी सुरू होई, संध्याकाळी गर्दी ओसरे आणि रात्री मुले शांत झोपत.

१९८१ मध्ये ट्रिब्यून कंपनीने रिग्ली घराण्याकडून संघ आणि मैदान २ कोटी ५ लाख डॉलरला घेतले. ट्रिब्यूनकडे वर्तमानपत्र होते, दूरचित्रवाणी वाहिनी होती, आणि रात्रीचा सामना म्हणजे जास्त प्रेक्षक, जास्त जाहिरात. वस्तीतले लोक एकत्र आले. सूर्यप्रकाशातल्या बेसबॉलसाठी नागरिकांची संघटना उभी राहिली. १९८२ मध्ये राज्याने ध्वनिप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि १९८३ मध्ये महापालिकेनेही वटहुकूम काढला. दोन्हींची शब्दरचना अशी होती, की प्रत्यक्षात बंदी याच एका मैदानावर लागू व्हावी. संघ न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही रहिवाशांच्या बाजूचा कायदा उचलून धरला.

मग दुसरे हत्यार बाहेर आले. मैदानाच्या राजकारणात ते नेहमीच येते. संघ शहर सोडून उपनगरात जाईल, अशी चर्चा सुरू झाली. लीगने सांगितले, की अंतिम टप्प्यातले सामने रात्री खेळावे लागतात, दिवे नसतील तर ते दुसऱ्या शहरात हलवावे लागतील. शेवटी २५ फेब्रुवारी १९८८ रोजी नगरपरिषदेने २९ विरुद्ध १९ मतांनी दिव्यांना परवानगी दिली. ८ ऑगस्टला पहिला रात्रीचा सामना सुरू झाला आणि पावसाने धुऊन गेला. दुसऱ्या दिवशीचा सामना पहिला म्हणून नोंदला गेला.

रहिवासी हरले, असे या मतदानावरून वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांनी परवानगी रोखली नाही, पण परवानगीला अटी लावून घेतल्या, आणि त्या कायद्यात लिहून घेतल्या. हंगामात रात्रीचे सामने १८ च्या वर नाहीत, आणि ही मर्यादा २००२ पर्यंत. रात्रीच्या सामन्याच्या वेळी आसपासच्या रस्त्यांवर परवाना असलेल्या रहिवाशांनीच गाडी लावायची. दूरच्या वाहनतळांवरून बस. वस्तीच्या संरक्षणाचा स्वतंत्र आराखडा. पुढे शुक्रवार-शनिवारच्या रात्रींवरचे निर्बंधही त्याच विचारातून टिकले, कारण त्या रात्री मद्यगृहांची गर्दी आधीच असते. शिकागोसारख्या राजकारण्यांच्या शहरात सामान्य भाडेकरूंनी आणि घरमालकांनी एका बड्या माध्यमसमूहाकडून हे मिळवले, याला मी लोकशाहीतला मोठा विजय मानतो.

आता १९८८ या त्याच वर्षाची दुसरी बाजू पाहू. आज शिकागोत लोकलची एकच लाल मार्गिका शहराच्या दोन्ही बेसबॉल मैदानांना जोडते. उत्तरेला रिग्ली फील्ड आणि दक्षिणेला पस्तिसाव्या रस्त्यावर व्हाइट सॉक्स संघाचे मैदान. तिथले जुने कोमिस्की पार्क १९१० चे होते आणि त्याचेही रचनाकार तेच झॅकरी डेव्हिस. त्या संघाने फ्लोरिडाला जाण्याची धमकी दिली. ३० जून १९८८ च्या मध्यरात्री राज्याच्या विधिमंडळाने सार्वजनिक पैशातून नवे मैदान बांधण्याचा कायदा मंजूर केला. नवे मैदान रस्त्यापलीकडे बांधायचे ठरले. तिथे साउथ आर्मर स्क्वेअर ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती होती. रहिवाशांनी संघटना बांधली, ते न्यायालयातही गेले. घरमालकांना मोबदला मिळाला, पण घरे पडली, दुकाने पडली, वस्ती विखुरली. नवे मैदान १९९१ मध्ये उघडले. जुने त्याच वर्षी पाडले आणि त्या जागी वाहनतळ आला.

एकच शहर, एकच वर्ष, एकाच रचनाकाराने आखलेली दोन मैदाने. उत्तरेकडच्या रहिवाशांना रात्रीच्या सामन्यांच्या संख्येवर वाटाघाट करता आली. दक्षिणेकडच्या रहिवाशांना घर वाचवता आले नाही. उत्तरेकडचे लोक बहुतांशी गोरे होते, त्यांच्यात वकील होते, शिकलेला मध्यमवर्ग होता आणि त्यांच्या बाजूने उभे राहणारे नगरसेवक होते. मैदानाचा शेजाऱ्यावर काय परिणाम होतो, याचे उत्तर आधी शेजारी कोण आहे यावर ठरते. रिग्ली फील्डची पुढची हकीगत ऐकताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दिव्यांनंतरची पंधरा वर्षे तुलनेने शांत गेली. पण या काळात वस्ती बदलली. तरुण, कमावते लोक आले, भाडी चढली, क्लार्क रस्त्यावर मद्यगृहांची रांग लागली. गच्च्यांवरही काही वेगळे घडू लागले. पूर्वी घरमालक चार खुर्च्या आणि शेगडी वर नेत आणि मित्रांबरोबर सामना पाहत. हळूहळू गच्चीवर पायऱ्यापायऱ्यांचे बाक आले, तिकीट आले, खानपान आले आणि धंदा उभा राहिला. संघाने आधी हिरवे पडदे लावून दृश्य अडवले, मग २००२ मध्ये खटला भरला. २००४ मध्ये तडजोड झाली: गच्चीवाल्यांनी २० वर्षे आपल्या एकूण उत्पन्नाच्या १७ टक्के रक्कम संघाला द्यायची. शेजाऱ्याचा सहज हक्क असा करारात बांधला गेला.

त्याच २००४ मध्ये शिकागो शहराने मैदानाला वारसा वास्तूचा दर्जा दिला. बाह्य दर्शनी भाग, प्रवेशद्वारावरचा लाल फलक, हाताने चालणारा धावफलक, वेलाच्या भिंती, उघडे बाक आणि प्रेक्षागाराची अखंड वळणदार रेषा या गोष्टी संरक्षित झाल्या. त्याच वर्षी वरच्या मजल्यावरून काँक्रीटचे तुकडे पडले आणि खाली जाळ्या लावाव्या लागल्या. मैदान नव्वदीत होते. दुरुस्ती हवीच होती, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते आणि माझेही नाही. जे जुने आहे ते जसेच्या तसे ठेवा, असे सांगायला मी आलेलो नाही. २००५-०६ च्या मोसमाबाहेरच्या महिन्यांत उघड्या बाकांचा विस्तार झाला. सुमारे १,८०० नव्या जागा झाल्या आणि बाक वेव्हलँड व शेफील्डच्या पदपथावर पुढे आले. रात्रीच्या सामन्यांची मर्यादा १८ वरून ३० वर गेली. पुढे ती चाळिशीच्या घरात पोचली.

मोठा विस्तार झाला तो नव्या मालकांच्या काळात. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ आणि मैदान सुमारे ८४.५ कोटी डॉलरला विकत घेतले. सुरुवातीला त्यांनी नूतनीकरणासाठी सरकारी पैसा मागितला आणि तो मिळाला नाही. शिकागोकरांच्या पदरी दक्षिणेच्या मैदानाचा अनुभव होता. मग २०१३ मध्ये खासगी खर्चाची योजना जाहीर झाली: मैदानासाठी ३० कोटी डॉलर, हॉटेल आणि परिसरासाठी २० कोटी. पत्त्यावरून तिला '१०६० प्रकल्प' असे नाव पडले, कारण मैदानाचा पत्ता १०६० वेस्ट अॅडिसन. त्याच वेळी विमानतळाजवळच्या रोझमाँट उपनगराने संघाला २५ एकर जमीन देऊ केली. शहर सोडण्याची धमकी जुनीच होती आणि पुन्हा तिचा उपयोग झाला. जुलै २०१३ मध्ये नगरपरिषदेने योजना मंजूर केली आणि २०१४ च्या जुलैमध्ये वारसा समितीने मैदानातल्या जाहिरात-फलकांच्या वाढीव योजनेलाही मान्यता दिली.

काम २०१९ पर्यंत चालले. मैदानातले काम मी मनापासून चांगले मानतो. गंजलेले पोलाद बदलले, पाये बळकट केले, स्वच्छतागृहे वाढली. खेळाडूंची खोली जुन्या मैदानात अगदी कोंदट होती. पश्चिमेकडच्या मोकळ्या त्रिकोणी जागेखाली नवी प्रशस्त खोली बांधली आणि ती २०१६ च्या हंगामात सुरू झाली. बाहेरून वास्तूचे रूप जपले गेले. त्याच वर्षी संघाने १९०८ नंतरचे पहिले जगज्जेतेपद मिळवले आणि शहराने ते अपार आनंदाने साजरे केले. अशा जल्लोषात शेजाऱ्याची तक्रार करणे फार अवघड असते. आनंद खरा होता, आणि तक्रारीही खऱ्या होत्या.

भिंतीच्या बाहेर काय घडले, ते सांगतो. उजव्या बाजूच्या बाकांवर प्रचंड व्हिडिओ फलक उभा राहिला. त्यामागच्या गच्च्यांचे दृश्य झाकले गेले. गच्चीवाल्यांनी खटला भरला. २००४ च्या करारात एक तरतूद होती: सरकारी परवानगीने झालेला मैदानाचा विस्तार हा कराराचा भंग मानला जाणार नाही. वाद इतकाच उरला, की फलक उभारणे हा विस्तार आहे का. न्यायालयाने आहे असे ठरवले आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. मक्तेदारीविरोधी कायद्याचा आधारही गच्चीवाल्यांना मिळाला नाही, कारण १९२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापासून बेसबॉलला त्या कायद्यातून सूट आहे. खटला चालू असतानाच रिकेट्स कुटुंब एकेक गच्चीची इमारत विकत घेत होते. मैदानासमोरच्या अशा १६ इमारतींपैकी बहुतेक त्यांच्या ताब्यात आल्या.

ही घटना मला या हकीगतीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. शेजाऱ्याशी वाद मिटवण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्याच्याशी बोलून अटी ठरवणे. दुसरा म्हणजे त्याची जागाच विकत घेणे. दुसऱ्या मार्गात वाद मिटतो, कारण वाद घालणारा उरत नाही. घरमालकाला चांगला भाव मिळाला असेल, पण त्या घरात राहणाऱ्या भाडेकरूचा, खालच्या दुकानदाराचा आणि वस्तीचा प्रश्न त्या किमतीत मोजला जात नाही. शिवाय पुढच्या वेळी नगरपरिषदेत विरोधात उभे राहणारी एक व्यक्ती कायमची कमी होते.

पश्चिमेच्या त्रिकोणी जागेवर २०१७ मध्ये खुला चौक आणि कार्यालयांची इमारत झाली. पुढल्या वर्षी चौकाला एका विमा-सेवा कंपनीचे नाव मिळाले. क्लार्क रस्त्यापलीकडे हॉटेल झॅकरी २०१८ मध्ये उघडले, १७३ खोल्यांचे, मूळ रचनाकाराच्या नावाचे. ते जिथे उभे आहे, तिथे पूर्वी एक साधे मॅकडोनल्ड्स होते. सामन्याला आलेली कुटुंबे तिथे स्वस्तात खात. क्लार्क आणि अॅडिसनच्या कोपऱ्यावर घरे, दुकाने आणि चित्रपटगृह असलेली नवी मोठी इमारत आली. त्या जागेवर अनेक लहान दुकाने होती. शिकागोच्या विनोदी नाट्याची एक नामवंत संस्था, आयओ थिएटर, तिथल्या एका इमारतीत होती. तिला २०१४ मध्ये दुसरीकडे जावे लागले. चौकात बर्फावरचे स्केटिंग असते, शेतमालाचा बाजार भरतो, उघड्यावर चित्रपट दाखवतात. मुलांना घेऊन येणाऱ्या रहिवाशांना तो आवडतो, हेही सांगितले पाहिजे. पण त्या चौकात मद्य कधी आणि कोणाला विकायचे, कार्यक्रम किती व्हावेत, यावरून स्थानिक नगरसेवक टॉम टनी आणि संघ यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. चौक सार्वजनिक दिसतो, मालकी मात्र खासगी आहे. रस्त्यावर उभे राहायला कोणाची परवानगी लागत नाही. खासगी चौकात ती मालकाच्या मर्जीवर असते.

आणखी एक गोष्ट विस्ताराच्या गौरवात झाकली गेली. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने संघावर खटला दाखल केला. नूतनीकरणात चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकांच्या चांगल्या जागा काढल्या गेल्या, नव्या महागड्या क्लबांमध्ये त्यांची पुरेशी सोय झाली नाही आणि पुढचे प्रेक्षक उभे राहिले की मागच्यांना खेळ दिसेनासा होतो, असे सरकारचे म्हणणे होते. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत १९९० पासून आहे. जुन्या वास्तूलाही नूतनीकरण करताना तो लागू होतो. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि संघाने बदल मान्य केले. कोट्यवधी डॉलरच्या कामात, शेकडो बैठकांमध्ये, ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांचा विचार काम संपल्यावर न्यायालयाच्या दारातून करावा लागला. वारसा समितीने वेलाची आणि धावफलकाची काळजी घेतली. माणसाची काळजी घेणे तिच्या अधिकारात नव्हते. २०२० मध्ये रिग्ली फील्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा सर्वोच्च दर्जा मिळाला, आणि हा खटला त्यानंतरच्या दोनच वर्षांत उभा राहिला.

याला दुसरा पर्याय होता का, असे आपण विचाराल. बॉस्टनचे फेनवे पार्क १९१२ चे, रिग्लीपेक्षाही जुने. १९९९ मध्ये त्याच्या मालकांनी शेजारच्या इमारती ताब्यात घेऊन नवे मैदान बांधण्याची योजना जाहीर केली. २००० मध्ये राज्य आणि शहराकडून ३० कोटी डॉलरहून अधिक सार्वजनिक मदत मंजूरही झाली. रहिवासी आणि जुने मैदान वाचवू पाहणारे खेळप्रेमी एकत्र आले. ते नुसते घोषणा देऊन थांबले नाहीत, त्यांनी रचनाकारांना बोलावून जुनेच मैदान कसे वाढवता येईल याचे आराखडे करून दाखवले. २००२ मध्ये संघाचे मालक बदलले. जॅनेट मेरी स्मिथ या रचनाकार त्यांच्याबरोबर आल्या आणि मैदान तुकड्यातुकड्याने, दर हिवाळ्यात थोडे असे सुधारत गेले. डाव्या भिंतीवर २००३ मध्ये बाक बसवले, पुढल्या वर्षी उजव्या बाजूचे छत वापरात आणले. एकही राहती वस्ती पाडावी लागली नाही. २०१२ मध्ये शंभरी गाठताना मैदान राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेले.

पण फेनवेतूनही एक इशारा मिळतो. मैदानाशेजारचा एक सार्वजनिक रस्ता २००२ पासून सामन्याच्या वेळी मैदानात सामील होतो आणि तिकीट असलेल्यांनाच तिथे जाता येते. २०१३ मध्ये शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने तो वापर आणि मागच्या रस्त्यावरचे हवाई हक्क, संघ तिथे खेळत असेपर्यंत, ७३ लाख डॉलरला देऊन टाकले. एक सार्वजनिक रस्ता, अनिश्चित काळासाठी, एकदाच पैसे घेऊन. मूल्यांकन कमी झाले का, हा वाद झाला. माझा आक्षेप किमतीपेक्षा मुदतीला आहे. शहराने भाड्याने द्यावे, विकू नये. दर दहा वर्षांनी वाटाघाट व्हावी, म्हणजे दर दहा वर्षांनी रहिवाशाला बोलता येते.

मैदान मोठे झाले की परिसराची भरभराट होते, असे सांगितले जाते. क्रीडा-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा निष्कर्ष याबाबत बराच ठाम आहे. मैदानावर खर्च होणारा पैसा बहुतांश शहरातल्याच इतर ठिकाणांहून वळलेला असतो. कुटुंब सामन्याला गेले की त्या दिवशी ते नाटकाला किंवा हॉटेलात जात नाही. रिग्लीच्या बाबतीत मैदान शंभर वर्षांचे होते, त्यामुळे नवा पैसा किती आला यापेक्षा तो कोणाच्या गल्ल्यात गेला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पूर्वी सामन्याआधीची बिअर आणि सामन्यानंतरचे जेवण आसपासच्या विखुरलेल्या मालकांकडे जाई. आता हॉटेल, चौक, कार्यालये, गच्च्या आणि उपाहारगृहांच्या जागा मोठ्या प्रमाणात एकाच कुटुंबाशी जोडलेल्या आहेत. रस्त्यावरची गर्दी तीच आहे, मालक मात्र कमी झाले आहेत.

मग आपण काय शिकायचे? मी चार गोष्टी मांडतो.

पहिली, वारसा-संरक्षणाची व्याख्या भिंतीशी थांबू नये. रिग्ली फील्ड प्रिय आहे ते शेजारच्या घरांमुळे, रस्त्यावर येणाऱ्या चेंडूमुळे, लोकलमधून उतरून पायी येण्यामुळे. त्यांतले काही टिकवायचे असेल तर आसपासचे रस्ते, लहान दुकाने आणि भाडेकरू यांचाही विचार संरक्षणाच्या आदेशात हवा.

दुसरी, अटी कायद्यात असाव्यात आणि त्या बदलायच्या तर खुल्या सुनावणीतून बदलाव्यात. १९८८ च्या मर्यादेने वस्तीला १४ वर्षे श्वास दिला, कारण ती वटहुकूमात होती आणि तिला मुदत होती. मुदत संपताच ती सैल होत गेली. तरीही प्रत्येक वेळी नगरपरिषदेत मतदान घ्यावे लागले, वस्तीला विचारावे लागले. तोंडी आश्वासनाला अशी ताकद कधीच येत नाही.

तिसरी, सार्वजनिक रस्ता आणि मोकळी जागा मुदतीच्या भाड्याने द्यावी, कायमची देऊ नये.

चौथी, अपंग प्रेक्षक, भाडेकरू आणि कमी उत्पन्नाचे शेजारी आराखड्याच्या पहिल्या बैठकीला हवेत. साउथ आर्मर स्क्वेअरच्या लोकांना ती बैठक मिळाली नाही, आणि रिग्लीमधल्या चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला ती न्यायालयात मिळाली.

श्रोतेहो, विस्ताराला विरोध करणारा माणूस प्रगतीचा शत्रू ठरवला जातो. लेकव्ह्यूच्या रहिवाशांनाही तसे म्हटले गेले. पण ज्या मर्यादांचा त्यांनी आग्रह धरला, त्या मर्यादांमुळेच त्या मैदानाभोवती अजून माणसे राहतात, शुक्रवारची रात्र बऱ्याच अंशी त्यांची राहिली आहे आणि खेळ अजून पुष्कळदा दुपारच्या उन्हात होतो. त्यांचा आग्रह नसता तर मैदान अधिक फायद्याचे झाले असते, पण अधिक चांगले झाले असते असे मला वाटत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपल्या गावात एखादे जुने मैदान, नाट्यगृह, मंडई किंवा रेल्वे स्थानक वाढवण्याची योजना पुढे येईल, तेव्हा तिचा नकाशा पाहण्याआधी तिच्या अटी मागा. त्या लिखित आहेत का, किती वर्षांसाठी आहेत, मोडल्या तर दाद कुठे मागायची आणि भिंतीबाहेरच्या किती लोकांच्या सह्या त्यावर आहेत, हे विचारा. ही चार उत्तरे मिळेपर्यंत मान्यता देऊ नका, आणि मिळाली की त्या कामाला मनापासून साथ द्या.